बाबा विहारात गेल्यावर

पीएच.डी. हातात आली तेव्हा मला वाटलं होतं की आता काहीतरी सुरू होईल. मी मनोविश्लेषणावर काम केलं होतं. घरात मृत्यू झाला की माणसं त्याबद्दल बोलणं कसं थांबवतात, हा माझा विषय. त्याचं पुढं काय करायचं हे सांगणारं रायपुरात कुणी नव्हतं. रोज सकाळी ईमेल उघडली की परिषदा, संशोधकांसाठीच्या उन्हाळी शाळा, शिष्यवृत्त्या दिसायच्या आणि प्रत्येकीच्या खाली कुठलं तरी दूरचं शहर असायचं. माझ्या मार्गदर्शक बाई निवृत्त होताना म्हणाल्या, "बेटा, इसमें यहाँ कुछ नहीं रखा. काउन्सेलिंग का डिप्लोमा कर लो, स्कूलों में माँग है." त्या प्रेमानं सांगत होत्या. पण मी ऐकलं नाही.

मी तेव्हा एका कॉलेजात अतिथी व्याख्याती होते. म्हणजे दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा मिळाली तर मिळायची. रायपूरच्या बुढापारा भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात मी आणि बाबा राहायचो. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अशात एका संस्थेची जाहिरात आली. संशोधकांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राहायची सोय, परदेशी लोकांसमोर निबंध वाचायची संधी. मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. अट एकच होती, अर्ज करणाऱ्यानं आधी स्वतःचं विश्लेषण सुरू केलेलं असावं. म्हणजे एखाद्या विश्लेषकाकडे नियमित जाऊन मनात येईल ते बोलायचं, तो ऐकतो. दुसऱ्याच्या मनावर लिहिण्याआधी आपलं मन उघडून बघा, असा त्याचा अर्थ. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण रायपुरात असा विश्लेषक नव्हता, नागपुरातही मला सापडला नाही. शेवटी पुण्याच्या एक बाई फोनवर घ्यायला तयार झाल्या. त्या मराठी होत्या म्हणून मी मुद्दाम त्यांना निवडलं. अशा गोष्टी आपल्या भाषेत बोलाव्यात असं मला वाटायचं.

रविवारी सकाळी बाबा बुद्धविहारात वंदनेला जायचे. तो वेळ मी विश्लेषणासाठी ठरवला. दार लावायचं, पंखा बंद करायचा, कारण त्याचा आवाज फोनमध्ये जायचा, आणि चटईवर पडून बोलायचं.

पहिल्यांदा मी म्हणाले, "लोक मला बयाड समजतात."

"बयाड म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"वेडी."

"अच्छा, वेडी."

त्या तो शब्द समजून घेत होत्या, त्यांचा दोष नव्हता. पण बयाड म्हणजे वेडी नव्हे. बयाड माणसाला घरात जेवू घालतात, हसतात, त्याच्यावर रागावतात. हे सांगत बसले तर वेळ संपेल म्हणून मी पुढे गेले. असे बरेच शब्द मी तसेच सोडून दिले. आणि गंमत म्हणजे घरात बाबांशी मी हिंदीतच बोलायचे. ते मराठीत विचारायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे. लहानपणापासून तसंच चालत आलेलं.

तरी हळूहळू जमायला लागलं होतं. आईच्या आजारपणापर्यंत मी पोहोचले होते. एका रविवारी मी सांगितलं की आई गेल्यावर बाबा रडले नाहीत. घरी आले, कपडे बदलले, दुसऱ्या आठवड्यात ड्यूटीवर गेले. आईच्या साड्या त्यांनी भांडेवालीला देऊन टाकल्या आणि त्या बदल्यात आलेल्या स्टीलच्या डब्यात मी अनेक वर्षं शाळेत पोळी नेली. हे सांगताना माझा आवाज चढला. मी म्हणाले, "मला त्या माणसाचा तेव्हापासून राग आहे."

फोन ठेवून दार उघडलं तर बाबा स्वयंपाकघरात बसलेले. पुढ्यात मटाराच्या शेंगा, अर्ध्या सोललेल्या. विहाराची मोटर जळाली होती आणि पाणी नव्हतं, म्हणून वंदना लवकर आटोपून ते कधीच परत आले होते.

"चहा ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"हाँ," मी म्हणाले.

जेवताना त्यांनी ताटातून वर न बघता म्हटलं, "त्या साड्या मी भांडेवालीले नाही देल्या. तुह्या आर्वीच्या मावशीले देल्या. डबा तर मी बाजारातून आणला होता."

"तो बताया क्यों नहीं?"

"तू इचारलंच नाही."

मी त्या दुपारी खूप वेळ विचार करत होते. मला भांडेवाली स्पष्ट आठवत होती, तिच्या टोपलीवरचं फडकंसुद्धा. ती कधी आलीच नव्हती की दुसऱ्या कुणाचे कपडे घेऊन गेली होती, मला आता सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी हे सगळं बाईंना सांगायचं मी ठरवलं. विश्लेषणाला खरी सुरुवात इथून होते, हे मला पुस्तकांमुळे ठाऊक होतं.

पण पुढच्या रविवारी वंदना आटोपूनही बाबा घरी आले नाहीत. दुपारी घामानं भिजून आले. मी विचारलं तर म्हणाले, "तळ्यावर बसलो होतो. तू मोकळ्यानं बोल."

"आप घर में रहिए, मैं धीरे बोलूँगी."

"नाही, तुले परीक्षेसाठी लागते ना ते? मग बोल. मले काही नाही होत."

एप्रिल होता. बुढा तलावाच्या काठावर सकाळी दहानंतर माणूस टिकत नाही. खालचे दुकानदार मला विचारायला लागले, "दीदी, बाबूजी घर क्यों नहीं जाते?" मी वेळ बदलून मागितली, पण बाईंकडे दुसरी रिकामी नव्हती. कॉलेजची प्रयोगशाळा मागितली तर सुट्टीच्या दिवशी चावी मिळत नाही म्हणाले. मग मी चटईवर पडून राहायचे आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त तळ्याकाठी उन्हात बाकावर बसलेले बाबा यायचे. तोंडातून परिषदेबद्दल, कॉलेजबद्दल, हवामानाबद्दल काहीबाही निघायचं.

"तुम्ही हल्ली फार सांभाळून बोलताय," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. का ते सांगितलं, त्यांनी ऐकलंही, पण त्यानं बाबा घरी येणार नव्हते.

तरी अर्ज केला आणि त्या संस्थेच्या मुलाखतीला मी दिल्लीला गेले. तिघं बसले होते. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी माझा प्रबंध खरोखर वाचला होता. त्या खूप चांगलं बोलल्या, मला उमेद आली. मग दुसऱ्यांनी इंग्रजीत विचारलं, "विश्लेषण फोनवर? आठवड्यातून एकदा?"

"आमच्या शहरात कुणी नाही."

"मग शहर बदलण्याचा विचार केलात का?"

मी म्हटलं, वडील एकटे आहेत. ते समजल्यासारखी मान हलवून कागदाकडे बघायला लागले. वयस्कर बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. "काम थांबवू नका," म्हणाल्या. निवड झाली नाही. कारण कळवलं होतं ते बरोबरच होतं, माझ्या विश्लेषणाला पुरेशी खोली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रमच निघाला नाही.

मी पुण्याच्या बाईंना फोन करून थांबते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या की यावर आपण बोलायला हवं. मी हो म्हटलं आणि पुन्हा फोन केला नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माह्यामुळं झालं का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, मलाही पटलं नाही.

एकदा मीच धीर केला. ते टीव्हीसमोर बसले होते. मी मराठीत विचारलं, "बाबा, आईबद्दल काही सांगा ना."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "काय सांगू? होती, गेली. मले बोलता नाही येत, पोरी." आणि आवाज पुन्हा वाढवला. अशा उत्तरावर मी प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, पण त्यांच्या शेजारी बसून मी टीव्हीच बघितला.

कॉलेजात मानसशास्त्राला मुलं मिळेनात, तसा वर्गच बंद झाला. आता मी रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात भरतीच्या वेळी मानसिक चाचण्या घेते. उमेदवार रांगेत बसतात आणि 'तुम्हाला राग लवकर येतो का' या प्रश्नापुढे सगळे 'नाही'वर खूण करतात. परवा एकानं विचारलं, "मैडम, सही जवाब कौन सा है?" मी म्हटलं, इसमें सही-गलत नहीं होता. त्यानं शेजाऱ्याचा कागद बघितला आणि तीच खूण केली. साहेबांना निकाल दुपारपर्यंत हवा होता. मी कागद गोळा केले आणि खुणा मोजायला बसले.