पाणी धरायला शिकवणारे परेरासर

अंधेरीच्या आमच्या जहाज-आराखड्यांच्या कचेरीत मी मुलाखतीला गेले, तेव्हा परेरासरांनी प्रमाणपत्रं बाजूला सारून विचारलं, "होडीत बसलीयस कधी, कांबळे?" मी साताऱ्याकडची. नाही म्हटलं. "मग शिकशील," सर म्हणाले. सर स्वतः मरोळ गावातले, आजोळ मात्र गोराईच्या खाडीकाठचं.

जहाज पाण्यात वाकतं, थरथरतं. ती थरथर जहाज बांधण्याआधीच गणकयंत्रावर काढायला आम्ही तेव्हा नुकते शिकत होतो. यंत्राला आकडे पुरवणाऱ्या, छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा बिस्किटांच्या डब्यात घालून आरे कॉलनीतून बसने पवईला न्यायचा, कारण यंत्र तिथे. त्याआधी गणित एकदा ढोबळ का होईना, हाताने सोडवायचं, हा सरांचा दंडक. मला तो जुनाट खुळेपणा वाटे.

माझ्या पहिल्याच स्वतंत्र कामात सरांनी विचारलं, "हाताने केलंस ना?" मी बेधडक "हो" म्हटलं. सरांनी विश्वासाने सही केली.

चाचणीत जहाज माझ्या आकड्यापेक्षा पुष्कळ संथ थरथरलं, नेमकं इंजिनाच्या लयीत, आणि सगळा डेक हादरू लागला. जहाजाचे मालक कचेरीत येऊन गरजले, "कोणाची करामत ही?" मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. घरात मिळवती मी एकटी. सर शांतपणे म्हणाले, "खाली सही माझी आहे. चूक माझी." त्या वर्षी सरांची बढती हुकली.

रविवारी सरांनी मला घरी बोलावलं. विहिरीजवळच्या, पाणी साठवायच्या दगडी डोणीच्या काठावर त्यांनी पोलादी फूटपट्टी दाबून धरली आणि तिचं टोक छेडलं. ती टर्रकन वाजली. मग डोणीतल्या पाण्यात बुडवून छेडली, तर सुस्तावली. जहाज हलतं तेव्हा लगतचं पाणीही त्याच्याबरोबर हलतं. त्याचा भार मी धरलाच नव्हता.

मला रडू फुटलं. "सर, मी हाताने केलं नव्हतं."

"ठाऊक आहे गं. केलं असतंस तर पाणी आठवलं असतं. चल, जेवून घे."

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. माझ्या अहवालांखाली आता माझी सही असते, ती सरांनी त्या दिवशी आपली पुढे केली म्हणून. सरांना खणखणीत प्रकृतीची पुष्कळ वर्षं लाभोत, आणि ती डोणी भरलेली राहो. माझ्या हाताखाली यंदा एक नवी मुलगी आली आहे. परवा तीही बेधडक "हो" म्हणाली. सर, येत्या रविवारी तिला मरोळला घेऊन येते.