ताटलीशेजारची शितं

माझा नवरा सुहास वारला; त्याचे कपडे आज चॅरिटी शॉपला, जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, दिले. मागे उरलेली तंबूची पिशवी उघडली, तर ओल्या मातीचा वास आला आणि इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावरची एक धुकट सकाळ आठवली.

आदल्या संध्याकाळी त्या उजाड माळावर मेतकूट-भात खायला बसताना सुहासने सवयीने ताटलीशेजारी भाताची चार शितं ठेवून चित्राहुती घातली होती. सकाळी तंबू गुंडाळल्यावर तो तीच शितं वेचत होता.

"अरे, देवाला वाढलेलं परत घेतोस?" मी हसले.

"इथे काही ठेवायचं नाही," दबलेलं गवत बोटांनी उभं करत तो म्हणाला. "आपण येऊन गेलो हे कळता कामा नये."

तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. आता रिकाम्या कपाटासमोर वाटलं, त्याने काहीतरी मागे ठेवायला हवं होतं. तंबू झटकून पाहिला. एक शीतही पडलं नाही.