उपासाचं जांभूळ

आमच्या गावच्या व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षांना बियर पाजणारा माणूस मीच. श्रावणी सोमवार होता, अध्यक्ष उपाशीपोटी होते आणि मी त्याच समितीचा सचिव होतो.

आता पहिल्यापासून सांगतो, म्हणजे यात माझी फारशी चूक नव्हती हे तुम्हाला पटेल. (बायकोला अजून पटलेलं नाही.)

मी सास्तूरचा. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होतो. गाव मला डाक्टर म्हणतं आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. घरामागं जांभळाचं झाड आहे. भूकंपानंतर नव्या गावठाणात घर मिळालं, त्याच साली वडिलांनी लावलेलं. त्या झाडाचं जांभूळ मी डोळे मिटून ओळखतो. दुसऱ्या झाडाची चार मिसळून द्या, बाजूला काढून दाखवीन! आमच्या घराण्यात एवढी एकच कला, आणि ती माझ्या लेकीनं, स्नेहलनं उचलली. फूड टेक्नॉलॉजी शिकली, पुण्याला नोकरीला लागली. "कसली गं कंपनी?" विचारलं तर म्हणाली, "फळांपासून पेयं करायचा लहानसा कारखाना आहे, अप्पा." झालं! पोरगी ज्यूसच्या फॅक्टरीत साहेब आहे, असं मी गावभर सांगून मोकळा झालो.

जूनमध्ये ती आली आणि झाड अक्षरशः ओरबाडून जांभळं घेऊन गेली. म्हणाली, "मालकानं पहिल्यांदा मला माझ्या मनानं माल करायला दिलाय, अप्पा. जमला तर पुढं हेच काम माझं. न्हाय जमला तर परत टाक्या धुवायच्या." ऑगस्टात फोन आला. "अप्पा, तुमची जीभ पाहिजे. मालक म्हणत्यात झकास झालंय, पण त्यास्नी आपलं झाड कुठं ठावं हाय? त्याची चव उतरली का न्हाय, ते तुमी सांगा. तुमी व्हय म्हणला तरच मी पुढं जाणार." जन्मात कुणी माझा एवढा मान ठेवला नव्हता. दवाखान्यात तर म्हशीसुद्धा माझ्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या.

रविवारी संध्याकाळी ती सहा बाटल्या घेऊन आली आणि फ्रिजमध्ये ठेवल्या.

"हात लावू नका हं अप्पा. उद्या देवळातनं आल्यावर निवांत बसून सांगते."

"अगं, जांभळाचंच हाय न्हवं?"

"जांभळाचंच हाय. पन उद्या."

सोमवारी मायलेकी महादेवाला गेल्या. मी घरात एकटा. उपास. सकाळपासून पोटात कपभर चहा. फ्रिज उघडला की त्या बाटल्या दिसायच्या. फ्रिज मी सात वेळा उघडला. आठव्यांदा म्हटलं, फळाचा रस उपासाला चालतो, झाड आपलं, पोरगी आपली, फ्रिज आपला. बाटलीवर नाव नाही, गाव नाही, नुसती चिकटपट्टी आणि त्यावर पेनानं "जांभूळ ४". विळ्याच्या पाठीनं झाकण उडवलं, तर आतला फेस उडून माझ्या कपाळावर! जांभळा फेस! पुसून घेतला आणि एक घोट घेतला.

काय सांगू तुम्हाला! आधी थंडगार सोड्यासारखं नाकात गेलं. मग जांभूळ आलं. साखर घालून मारून टाकलेलं नाही, जिभेला घट्ट धरणारं, मिठाबरोबर खाताना लागते ती तुरट चव! आणि घोट खाली उतरला की मागं एक स्वच्छ कडवटपणा. मी दुसरा घोट घेतला. तिसरा घेताना डोळ्यांत पाणी आलं. माझी लेक! झाड जसंच्या तसं बाटलीत उतरवलं होतं पोरीनं. बाटली कधी संपली ते कळलंच नाही.

तो कडवटपणा कशाचा, हेही मी लगेच ओळखलं. जांभळाची बी! आणि जांभळाची बी साखरेवर औषध, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. म्हणजे पोरीनं नुसता रस नाही, औषध काढलेलं! माझ्यातला कंपाउंडर जागा झाला. शिवाय आपल्या झाडाचं पहिलं काही आलं की शेजारी वानवळा द्यायचा, ही रीतच आहे. उरलेल्या पाच बाटल्या पिशवीत घातल्या आणि मी निघालो. चालताना उगाचच सगळ्या जगाबद्दल माया वाटत होती. म्हटलं, दानाला निघालं की माणसाला असंच होत असणार.

पहिलं घर गुरुजींचं. रिटायर्ड हेडमास्तर, साखरेचे जुने पेशंट आणि आमच्या समितीचे अध्यक्ष. चहालासुद्धा व्यसन म्हणणारा माणूस.

"उपासाला चालतंय न्हवं?" गुरुजींनी विचारलं.

"फळ हाय की, गुरुजी! एक आता घ्या, एक दुपारी. झाकण उघडून देतो."

"कडू लागतंय हो."

"औषध हाय. कडूच असायचं."

दुसरं घर गंगूआत्याचं. वडिलांची बहीण, ऐंशीची, गुडघ्यांनी जेरीला आलेली. तिलाही दोन. आत्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला पुढं केला. "अजून वत."

शेवटची बाटली फौजींना. हे मिलिटरीतनं रिटायर झालेले, समोरच्या घरात राहतात. त्यांनी एक घोट घेतला. मग बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"डाक्टर, ह्ये सगळ्यांना वाटलंय?"

"सगळ्यांना!"

"अध्यक्षांना बी?"

"त्यास्नी तर दोन!"

फौजी उठून उभे राहिले आणि मला कडक सलाम ठोकला. "म्या आजवर तुमाला ओळखलंच न्हाय," म्हणाले. मीही खूश होऊन घरी आलो.

थोड्या वेळानं मायलेकी आल्या. स्नेहलनं पाण्यासाठी फ्रिज उघडला.

"अप्पा, बाटल्या कुठंयत?"

"वानवळा दिला."

"कुणाला?"

मी नावं सांगितली. पोरगी मटकन खाली बसली.

"अप्पा, ती बियर हाय."

"कसली?"

"जांभळाची."

"मग जांभळाचीच न्हवं?" मी म्हणालो. (तेव्हा मला सगळंच सोपं वाटत होतं.)

"आवं, दारू हाय त्यात!" बायको ओरडली. "श्रावण हाय! सोमवार हाय! आन् तुमी गुरुजींना पाजली?"

स्नेहल रडायला लागली. "तुमी समितीचं सचिव, म्हणून तीन वरसं तोंड उघडलं न्हाय. आज समोर बसून सगळं सांगणार हुते. मग म्हणणार हुते, आता चाखायचं का न्हाय ते तुमी ठरवा."

मला राग यायला पाहिजे होता, आलाही. तीन वर्षं मी ज्यूस-ज्यूस म्हणत गाव पालथं घातलं होतं! पण रागावून बोलायला तोंड उघडावं, तर तोंडात अजून ती चव. पोरीनं चव कशी होती हे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चपला घातल्या आणि बाटल्या परत आणायला पळालो.

आत्याच्या दोन्ही बाटल्या उपड्या. आत्या ओसरीवर पाय लांब करून हसत बसलेली, भोवती चार बायका आणि विषय मी! मी कितव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायचो, ते ती वर्षासकट सांगत होती. "बाटल्या कशाला नेतूस रं? माझं गुडघं थांबलं की दुखायचं!" गुरुजींकडं गेलो तर ते घरात नव्हते. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "दोन्ही बाटल्या पिऊन गेले. आज मीटिंग हाय न्हवं? गाणं म्हणत गेले."

मीटिंग! समितीची! मी स्वतः बोलावलेली!

समाजमंदिरात पोचलो तर सतरंजी भरलेली. मागं फौजी. (आजवर एकाही सभेला न आलेला माणूस!) आत्यासुद्धा काठी टेकत आलेली. मला काही बोलायची संधी मिळायच्या आत गुरुजी उठले. एरवी त्यांचं भाषण म्हणजे तासभर संसाराची राखरांगोळी. आज हसतमुख!

"बंधूंनो आणि भगिनींनो! माणूस दारूकडं का जातो? कारण त्याला चांगलं प्यायला कुणी देत नाही! आज आमच्या डाक्टरांच्या लेकीनं केलेलं जांभळाचं पेय मी घेतलं. दोन बाटल्या! मन कसं हलकं झालंय! कधी नव्हे ते सूनबाईंच्या स्वयंपाकाला मी चांगलं म्हटलं! माझी सूचना आहे, हे पेय समितीतर्फे गावोगाव वाटावं!"

टाळ्या! फौजींच्या सगळ्यात जोरात. मी खाली मान घालून सतरंजीचे धागे उपटत होतो.

"सचिव, उठा! लेकीच्या हाताच्या चवीबद्दल दोन शब्द सांगा!"

मी उठलो. दारात स्नेहल उभी होती, चेहरा पांढराफटक. नुसतं "घरगुती सरबत आहे" म्हटलं असतं तर अध्यक्षांची अब्रू वाचली असती आणि माझीही. पण मग पोरगी तशीच पुण्याला गेली असती, आणि बापाच्या लाजेपायी टाक्या धुवत बसली असती.

"गुरुजी, ते सरबत न्हाय. बियर हाय," मी म्हणालो. "पोरीनं हात लावू नका म्हणून सांगितलं हुतं. म्या लावला. ती चूक माझी. पन चवीचं इचारलंच हाय, तर खरं सांगतो. पहिल्याच घोटाला आमचं झाड लागतं. उन्हाकडच्या फांदीचं जांभूळ हाय ते. मागनं जांभळाची बी कडू लागती, तीसुदिक झाकली न्हाय पोरीनं. इतकी वरसं ते जांभूळ खातोय, पन त्याच्यात एवढं काय काय हाय, ते मला आज कळलं."

(तो कडवटपणा बीचा नव्हता, हॉप्स नावाच्या कसल्याशा फुलाचा होता, हे रात्री कळलं. माझ्या नामांकित जिभेचा तेवढा पोपट झाला.)

स्नेहल दारातच पदरासारखी ओढणी तोंडाला लावून रडत होती, आणि हसतही होती. गुरुजी हळूच खुर्चीवर बसले. तेवढ्यात गंगूआत्या म्हणाली, "त्यात काय झालं? म्हादेवाला भांग चालती, मग मला ह्ये का चालू नये?"

सभेत हशा फुटला! हसून हसून लोक आडवे झाले. गुरुजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, तो उलटा बसला, सरळ केला आणि म्हणाले, "वही काढा. ठराव लिहा."

स्नेहलची जांभूळ बियर आता पुण्यात विकली जाते. टाक्या ती अजून धुते, पण स्वतःच्या मालाच्या. दर जूनला झाड ओरबाडून नेते आणि मी खाली चादर धरून उभा राहतो.

आणि समितीचं म्हणाल, तर ठराव सचिवानंच लिहायचा असतो. त्यामुळं माझी हकालपट्टी माझ्याच अक्षरात आहे, जरा तिरकी. त्याच्याखाली दुसरा ठरावही मीच लिहिलाय: पहिल्या घोटाला दारू ओळखणारा एक तरी माणूस समितीत असावा, म्हणून नवे सचिव फौजी.