कॅसेटवरची बाई थांबते

रद्दीच्या दुकानात रशियन शिकवणारं एक जुनं पुस्तक मिळालं, सोबत चार कॅसेट. निवृत्तीनंतर रोज सकाळी टेप लावून बसतो. कॅसेटवरची बाई एक वाक्य म्हणते आणि मी ते म्हणावं म्हणून थांबते. तेवढा वेळ टेप नुसती खरखरते. माझी जीभ अडखळते, वाक्य अर्ध्यावर राहतं, पण ती चिडत नाही. पुढच्या वाक्यानंतरही तशीच थांबते. त्या न पाहिलेल्या बाईविषयी मला माया वाटू लागली आहे.

काल मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, "किती छान थांबते हो ती!"

सुरात तक्रार नव्हती. तरी मला आठवलं, इतकी वर्षं हिची वाक्यं मीच पुरी करत आलो, आणि तीही बहुतेक चुकीची.

आज चहा घेताना मी विचारलं, "या उन्हाळ्यात कुठे जाऊ या?" एरवी उत्तरही मीच दिलं असतं. आज गप्प राहिलो.

तिनं वर पाहिलं. "बोला ना, थांबलात का?"

"आता तू बोलायचंस."

ती हसली, मग विचारात पडली. चहा निवत गेला. मी थांबलो, कॅसेटवरच्या बाईपेक्षा जरा जास्तच.