पिठावरचं पाऊल

सोलापुरात एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो, आणि दरवर्षी एका जुन्या इटालियन महाकाव्यापाशी माझी गाडी अडते. त्यात एक जिवंत माणूस मेलेल्यांच्या मुलखात फिरून येतो. परीक्षेतला प्रश्न ठरलेला: हे काव्य मध्ययुगातलं की प्रबोधनकाळाची पहाट? मुलांना एका ओळीचं उत्तर हवं असतं. मी सांगतो, त्यातलं जग मध्ययुगाचं. प्रत्येक मेलेल्याला जागा नेमून दिलेली, तिथून हलायचं नाही. पण माणसं नव्या काळाची. राग, हट्ट, गावाची ओढ, त्यांचं मेल्यावरही काही सुटत नाही. ती दुसरं काही होत नाहीत, तीच राहतात. हे वाक्य मी वर्गात जरा ऐटीतच म्हणायचो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मैंदर्गीजवळच्या आमच्या घरी आई गेली. आमच्यात बाराव्याच्या आदल्या तिन्हीसांजेला, प्राण गेला त्या जागी पीठ पसरून सारखं करतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालतात. सकाळी पिठावर ज्याचा माग उमटेल, त्याच्या जन्माला माणूस गेलं. शेवटी शेवटी आईचे फार हाल झाले होते. ती सुटली, एवढंच मला कळायला हवं होतं. असल्या गोष्टी मी मानत नाही, तरी पीठ मीच चाळलं. थोरल्या भावाने खोलीला बाहेरून कडी घातली.

सकाळी त्यानेच डालगं उचललं. दिवा विझला होता. चुलती उंबऱ्यातूनच म्हणाली, "पाखरू झाली की. सुटली बाई."

मला पाखरू दिसलं नाही. दिसलं माणसाचं अनवाणी पाऊल, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, आईची होती तशीच. टाच दाराकडे, बोटं घराच्या आत. भीती वाटली, आणि आईची भीती वाटते याची लाजही वाटली.

भाऊ खाली बसला आणि त्याने तळहाताने पीठ पुसून टाकलं. "पाखरूच हाय," तो चुलतीला म्हणाला. ती गेल्यावर माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आत आलीया न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

थोड्या वेळाने भावजय चहा घेऊन आली. कप हातात घेत भाऊ तिला म्हणाला, "आईची वाकळ कुणाला दिऊ नको. हितंच हातरून ठेव."