राहनाळचा मनोज आणि माझ्या आईचा धवला

राहनाळच्या मनोजला कॅमेरा धरता येत नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. त्याचा हात असा हलतो की नवरी नाचतेय की मांडव, तेच कळत नाही. एरवी हा गोडाऊनमध्ये माल उतरवणारा. लग्नसराई आली की भाड्याचा कॅमेरा गळ्यात अडकवायचा. आणि २००८ साली सगळा गाव त्याच्याच मागे! च्यायला, लग्नाचे व्हिडिओ मीही काढतो, माझ्या पोटात दुखणार नाही तर काय?

माझी आई गोदूबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाऊन सगळे विधी तीच पार पाडते. त्या वर्षी एकाच मांडवात, तिचा एकच धवला आम्ही दोघांनी शूट केला आणि एकाच सायबर कॅफेतून यूट्यूबवर टाकला. माझं चित्र लख्ख, आवाज खणखणीत. व्हिडिओचं नावही मी रीतीने लिहिलं, लग्नपत्रिकेत असतं तसं. आधी ‘श्री एकवीरा आई प्रसन्न’, मग नवरदेवाचे आजोबा, वडील, मग नवरदेव. खाली वर्णनात मामा, मानकरी, बँजोवाले, मंडपवाले. कोणी रुसायला नको.

मनोजने काय लिहिलं? ‘गोदूबाईचा धवला, राहनाळची हळद’. खाली एकच ओळ: ‘हळद लावताना म्हणतात तो पूर्ण धवला, सासरी गेलेल्या बहिणीला नक्की ऐकवा.’ झालं! उरणपासून वसईपर्यंत पोरी ऐकत सुटल्या. माझ्या व्हिडिओच्या नावाचा पुढचा भाग यादीत कापला जायचा, नुसती एकवीरा आई दिसायची. कॅफेवाला हसायचा, “कुणालभाई, आपकी सब शादियाँ एक ही लगती हैं.”

तरी गावातल्या बड्या महादूकाकांच्या मुलीची, करिष्माची हळद शूट करायला मलाच मिळणार, याची मला खात्री होती. अख्ख्या पट्ट्यात तसं लग्न नव्हतं. ते हातून गेलं तर पुढे मला कोण विचारणार? काकांनी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नको. करिष्माला तो गोदूबाईवाला पायजे.”

गोदूबाईवाला! आई माझी, आणि गोदूबाईवाला तो! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर माझ्याच घरचं पीक दुसरा विकत होता.

तणतणत घरी आलो. “त्या मांडवात तू गायचं न्हाय,” मी आईला बजावलं. “मनोज तुझ्या जिवावर मोठा झालाय. माझा व्हिडिओ त्याच्यापेक्षा शंभरपट चांगला हाय.”

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आसंल. तू काय लिवलंस त्याच्यावर? सांग बघू.”

मला सगळं पाठ होतं. आजोबांपासून मंडपवाल्यापर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आन गातंय कोन?” तिने विचारलं.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि निवडलेले तांदूळ आत नेले.

करिष्माच्या हळदीला ती गेली. पूर्ण धवला मनोजच्या कॅमेऱ्याकडे बघून गायली.