पंचवीस सह्यांतली बारावी

ती बारावी सही आजही माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहते. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलीस दलातली माझी शेवटची काही वर्षं फसवणूक शाखेत गेली. खोटे चेक पाहिले, खोटी ओळखपत्रं पाहिली. इतकी सुबक खोटी सही मात्र पुन्हा पाहिली नाही.

दोन हजार अठराचा उन्हाळा. शहराच्या निवडणुकीत आपल्या मराठी माणसांतल्या एक बाई नगरसेवकपदासाठी उभ्या राहत होत्या. नोकरी कोर्टात, क्लार्कची. साक्षीदाराला शपथ देणं हे त्यांचं रोजचं काम. मीही त्यांच्यासमोर कितीदा तरी शपथ घेतलेली. इथला नियम असा, की उमेदवारी अर्जाबरोबर पंचवीस मतदारांच्या सह्या द्यायच्या आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं करायची. बाईंनी बरोबर पंचवीस आणल्या, एकही जास्त नाही. आपल्या माणसांना कुणाच्या दारात जाऊन गरजेपेक्षा जास्त मागायची लाज वाटते. तिथेच त्या चुकल्या; एक सही बाद झाली की अर्जच बाद.

अर्ज शुक्रवारी दुपारी दोनला बंद होणार होते. बुधवारी सकाळी ठाण्यात निनावी पत्र आलं. हे कागद कोणालाही मागून पाहता येतात. कोणीतरी पाहिले होते. पत्रात एकच ओळ होती. बारावी सही खोटी आहे, चौकशी करा.

मी सार्जंटला सांगितलं, "मी या बाईंना ओळखतो. केस दुसऱ्याला द्या."

तो म्हणाला, "कोर्टात जाणारा प्रत्येक पोलीस तिला ओळखतो. मराठी वाचणारा तू एकटाच आहेस. जा."

बारावी सही मराठीत होती, म्हणून हे.

फाइलची प्रत घेऊन बसलो. अकरावी सही वॉर्डातल्या एका निवृत्त डॉक्टरांची, मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी. बारावी त्यांच्या पत्नीची. अक्षर न् अक्षर सावकाश काढलेलं. खरी सही माणूस न बघता करतो. सावकाश करतो तो दुसऱ्याची. हे मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. माझे वडील इथल्या पोलादाच्या कारखान्यात, आई कधी शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला, आणि बारा वर्षांचा असल्यापासून शाळेच्या प्रत्येक कागदावर आईची सही करणाराही मीच.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. मराठी मंडळाच्या गणपतीतली ओळख होतीच.

"काय रे, वॉरंट आणलंयस की नुसता चहा घेणार?"

"आधी चहा, काका. मग बघू."

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. या काकूंनी तीस वर्षं रविवारी बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवलं; त्या सगळ्या मुलांच्या त्या 'बाई'. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाई त्यांचीच विद्यार्थिनी. मी वाकून विचारलं, "काकू, तुम्ही एका कागदावर सही केली होती, आठवतंय?"

"केली ना," काका स्वयंपाकघरातून म्हणाले.

"कोणत्या दिवशी, काकू?"

"रविवारी. संध्याकाळी," पुन्हा काकाच.

चौकशीचा साधा नियम आहे. ज्याला प्रश्न विचारला त्यानंच उत्तर द्यायचं. एरवी मी काकांना बाहेर बसवलं असतं. काकू माझ्याकडे बघून हसल्या. "जेवलास का रे?" थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठून पाणी घ्यायला आत गेलो.

स्वयंपाकघरात प्रत्येक खणावर चिठ्ठी होती. 'चमचे.' 'कप.' 'साखर.' शेगडीवर, 'हात लावू नको, मला हाक मार.' वॉशरूमच्या दारावर बाण. सगळं त्याच सावकाश, सुबक अक्षरात.

तपास तिथेच संपला होता. तरी जबाब घ्यायचाच होता. मी खुर्ची ओढून बसलो.

"काका, बारावी सही कोणाची?"

"तिचीच. आमच्यात तिचं आणि माझं वेगळं कधी होतं?"

"कायद्यात असतं, काका."

ते गाळणं धुवायला लागले. मग म्हणाले, "गेल्या दिवाळीपर्यंत करत होती रे सही. ही मुलगी कागद घेऊन दारात आली. म्हणाली, पहिली सही बाईंचीच हवी होती, पण आधी शेजारच्या गल्लीतच उशीर झाला. मी कसं सांगू तिला, की तुझ्या बाईंना तू आठवत नाहीस? म्हटलं, झोपलीय, आतून आणतो." त्यांनी हात पुसले. "मला काय करायचं ते कर. पण मंडळात कळू देऊ नकोस. सगळे तिला बाई म्हणून बघतात. पेशंट म्हणून नको बघायला."

जबाब लिहिला, त्यांनी खाली सही केली. या वेळी स्वतःचीच.

गुरुवारी कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत उमेदवार बाईंना गाठलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ऐकून त्या आधी रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "मी दिवसाला दहा माणसांना खरं बोलायची शपथ देते. अर्ज मागे घेते. ही सही बाईंची नाही असं लेखी देते. पण कोणी केली, का केली, ते माझ्या तोंडून जाणार नाही."

"मग लोक म्हणतील तुम्हीच केली."

"म्हणू देत."

"पुन्हा पंचवीस सह्या लागतील. हातात एक दिवस आहे."

"नाही मिळाल्या तर पुढच्या वेळी. माझं नाव गेलं तर परत कमावीन. बाईंचं गेलं तर त्या कुठून कमावणार?"

खरं तर हे मी काकांना सांगायचं कारण नव्हतं. पण संध्याकाळी रिपोर्टची प्रत द्यायला गेलो तेव्हा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सिटी हॉलवर पोचलो, तर बाहेर आपली माणसं उभी. काकांनी आदल्या रात्री मंडळाच्या यादीतल्या एकेकाला फोन केला होता. प्रत्येकाला तेच सांगितलं. "हिला विसरायला होतं. सही मी केली, चूक माझी. मुलीची काही चूक नाही. उद्या ओळखपत्र घेऊन या." एक आजोबा वॉकर घेऊन आलेले. दोन विद्यार्थी मतदार नसल्यामुळे सही करू शकत नव्हते, ते सगळ्यांना कॉफी आणून देत होते. दीड वाजायच्या आत एकतीस सह्या झाल्या.

काकूही आल्या होत्या. उमेदवार बाईंनी त्यांच्या हातात आपलं प्रचाराचं पत्रक दिलं. काकूंनी ते वरून खालपर्यंत वाचलं आणि पेनासाठी हात पुढे केला. पर्समधलं पेन मिळताच कोपऱ्यात बरोबरची खूण केली, खाली न अडखळता 'छान' लिहिलं. मग विचारलं, "कोणाची ग तू?"

"तुमचीच, बाई."

काकांना समज देऊन केस बंद झाली. ऑक्टोबरात, सोमवारच्या मतदानात, उमेदवार बाई हरल्या. मंगळवारी पुन्हा कोर्टात साक्षीदारांना शपथ देत होत्या. दुसऱ्या साक्षीआधी मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी चाळीस सह्या आणीन."

या केसनं मला काय शिकवलं? माया असली की आपण दुसऱ्याच्या वतीनं बोलतो, सही करतो, आणि ते माणूस हळूहळू दिसेनासं होतं. काकांनी तेच केलं होतं. पण मी तरी वेगळं काय करत होतो? माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या कार्डावर 'आजी' असं दर वर्षी मीच लिहीत आलो होतो.

त्या रविवारी आईपुढे कागद-पेन ठेवलं. "इतकी वर्षं तूच करतोस की," ती म्हणाली. "आता ऐंशीव्या वर्षी माझ्यामागे कशाला लागतोस?" तीन आठवडे वही भरली, मला शिव्याही दिल्या.

वाढदिवसाला मुलीनं कार्ड उघडलं. दोन अक्षरं, ओळ सोडून वर चढलेली. ती थांबली. "बाबा, धिस इजंट युअर हँडरायटिंग."

"नाही," मी म्हणालो. "माझं नाही."